पाडव्याच्या सकाळी येणारी मुलं

कॅज्युअल्टीत काम करणाऱ्या परिचारिकेची दिवाळी दोन वेळापत्रकांवर चालते. एक घरातलं: वसुबारस, धनत्रयोदशी, पहिली आंघोळ, लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज. दुसरं कॅज्युअल्टीतलं. धनत्रयोदशीला नेब्युलायझरचे मास्क मोजून ठेवायचे, ऑक्सिजनचे सिलिंडर तपासायचे, भाजल्यावर लावायचं मलम, निर्जंतुक गॉज, डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या, धनुर्वाताची इंजेक्शनं भरून घ्यायची. लक्ष्मीपूजनाला रात्री आठच्या पुढे धाप लागलेली म्हातारी माणसं येतात. नऊ-साडेनऊनंतर भाजलेले हात आणि लाल झालेले डोळे येतात. मध्यरात्रीनंतर जरा शांतता असते. आणि पाडव्याच्या सकाळी मुलं येतात.

नवीन पनवेलच्या एका खासगी रुग्णालयात मी आयुष्याची बरीच वर्षं नोकरी केली आणि त्यातल्या पुष्कळ दिवाळ्या ड्युटीवर काढल्या. त्याचं दुःख कधी वाटलं नाही. ज्यांची मुलं लहान त्यांना लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ मोकळी द्यायची, असं आमचं आपसांत ठरलेलं होतं. केरळच्या सिस्टर आणि आमचा मुसलमान वॉर्डबॉय "तुम्ही जा, आम्ही आहोत" असं स्वतःहून म्हणायचे. नाताळ आणि ईदच्या दिवशी आम्ही त्यांच्या जागी उभ्या राहायचो. घरून आणलेल्या चकल्या आणि करंज्यांचा डबा ड्रेसिंगच्या खोलीबाहेरच्या टेबलावर असायचा आणि त्याला हात लावायला पहाट उजाडायची.

फटाक्यांवर दरवर्षी वाद होतो. एक बाजू प्रदूषणाबद्दल बोलते, दुसरी परंपरेबद्दल. मी ज्या खोलीत उभी होते तिथून मला या वादातली एक गोष्ट फार स्पष्ट दिसली. फटाका लावणारा आणि त्याची किंमत मोजणारा, ही बहुतेक वेळा दोन वेगळी माणसं असतात आणि ती एकमेकांना ओळखतही नाहीत. एवढं एकच सांगायला हे लिहायला बसले आहे.

पनवेल हे पूर्वीपासून नाक्याचं गाव. मुंबई–पुणे द्रुतगती महामार्ग कळंबोलीपासून सुरू होतो, गोव्याचा रस्ता पळस्पे फाट्यावरून वळतो. कळंबोलीला लोखंड-पोलाद बाजार, पलीकडे तळोजा एमआयडीसीतले रासायनिक कारखाने. ट्रकांचा धूर आणि कारखान्यांचा वास इथल्या माणसाच्या रोजच्या श्वासात आहे. पूर्वेला माथेरान आणि प्रबळगडाची डोंगररांग उभी, पश्चिमेला खाडी. दिवाळीच्या सुमारास पावसाळी वारा थांबलेला असतो. रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन तिथेच बसते, वर जात नाही. त्या हवेत सोडलेला धूर इमारतींच्या मधे पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर तासन् तास रेंगाळतो. कॅज्युअल्टीच्या दारातून बाहेर पाहिलं की रस्त्यावरच्या दिव्यांभोवती पिवळट वर्तुळं दिसायला लागायची. ती दिसली की आम्ही नेब्युलायझर जोडायला घ्यायचो.

धाप लागलेले रुग्ण दरवर्षी यायचे. त्यांतले एक काका लोखंड बाजारात माथाडी कामगार होते. आयुष्यभर धुळीत आणि बिडीच्या धुरात फुप्फुसं झिजलेली. राहायला पहिल्या मजल्यावर. लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्यांना त्यांचा मुलगा आणि शेजारी खुर्चीत बसवून घेऊन आले. खांदे वर चढलेले, एका दमात दोन शब्दही बोलता येत नव्हते, नखं निळसर. बोटाला लावलेल्या यंत्रात ऑक्सिजन ८२ दाखवत होता. मास्क लावला, नेब्युलायझरमधून श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध सुरू केलं, शिरेतून स्टिरॉइड दिलं. पाऊण तासाने त्यांनी मान जरा सैल सोडली. काकू तोपर्यंत खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या, अंगावर पूजेची नवी साडी तशीच. त्या मला म्हणाल्या, "सिस्टर, आम्ही तर घरात फुलबाजीसुद्धा आणली नाही. खिडक्या लावल्या, फटींत ओली फडकी कोंबली. आणखी काय करायचं?"

त्यांना द्यायला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. उत्तर खालच्या रस्त्यावर होतं.

या धुराचं मोजमाप आपल्याच माणसांनी केलेलं आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये वेगवेगळे फटाके पेटवून, मूल जिथे उभं राहतं तेवढ्या अंतरावर हवेतले अतिसूक्ष्म कण मोजले. आपल्या देशात या कणांची चोवीस तासांची मर्यादा एका घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना १५ म्हणते. हजाराच्या माळेजवळ आकडा ३८ हजारांच्या वर गेला. फुलबाजीजवळ तो दहा हजारांच्या पुढे होता. सगळ्यांत वरचा आकडा, सुमारे ६४ हजार ५००, निघाला नागगोळीचा. नागगोळीला आवाज नाही, ठिणगी नाही, म्हणून आपण ती अगदी लहान मुलांच्या हातात देतो, आणि मूल वाकून, तोंड जवळ नेऊन त्या काळ्या नागाचं वेटोळं वाढताना पाहतं. मी हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडे येणारी चार-पाच वर्षांची खोकणारी पोरं आठवली. त्यांच्या आया शपथेवर सांगायच्या, "मोठे फटाके आम्ही देतच नाही हो त्याला."

भाजलेल्यांचं सांगायचं तर त्यातही एक ठरलेली रीत दिसते. भुईनळा पेटला नाही म्हणून वाकून पाहायला गेलेला चेहरा. बाटलीत उभा केलेला बाण कलंडून समोरच्या गॅलरीत घुसला, तिथे वाळत घातलेल्या कपड्यांपाशी उभी असलेली बाई. विझलेली फुलबाजी रस्त्यावर टाकली आणि तिच्या तापलेल्या तारेवर अनवाणी पाय पडला. फुलबाजी जळताना हजार अंशांच्या वर तापते. ती विझली तरी तार बराच वेळ कातडी जाळू शकते. इथेही तार टाकणारा एक आणि पाय पडणारा दुसरा.

येताना बहुतेकांच्या जखमेवर काहीतरी फासलेलं असायचं: टूथपेस्ट, हळद, शाई, तूप. ते सगळं काढताना जखमेची साल निघते आणि माणूस कळवळतो. म्हणून इथे थांबून सांगते. भाजलं की लगेच नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ नको, पेस्ट नको. अंगठ्या-बांगड्या सूज यायच्या आत काढा, स्वच्छ कापड सैल गुंडाळा आणि दवाखाना गाठा. डोळ्याला फटाक्याचा तुकडा लागला असेल तर डोळा चोळू नका, दाबू नका, स्वतःच्या मनाने थेंब टाकू नका. कागदी पेल्याचा तळ डोळ्यावर अलगद झाकून चिकटपट्टीने लावा आणि नेत्रतज्ज्ञाकडे न्या. यात गेलेला अर्धा तास पुढे आयुष्यभराची नजर ठरवतो.

आता पाडव्याच्या सकाळबद्दल. ही गोष्ट ज्यांनी दवाखान्यात काम केलं नाही त्यांना सहसा माहीत नसते.

लक्ष्मीपूजनाला जेवढे फटाके लावले जातात तेवढे सगळे फुटत नाहीत. हजाराची माळ फुटताना तिच्या झटक्याने कित्येक फटाके वातीसकट बाजूला उडतात आणि तसेच राहतात. काहींची वात मधेच विझते. सुतळी बॉम्ब दोनदा पेटवूनही फुटला नाही की लोक कंटाळून दुसरा लावतात. मध्यरात्री सगळे वर झोपायला जातात तेव्हा खाली लाल-पांढऱ्या कागदांचा थर असतो आणि त्या थरात दारू भरलेले, न फुटलेले फटाके पडलेले असतात.

पहाटे, सफाईच्या मावशी यायच्या आत, मुलं येतात. रेल्वेरुळांलगतच्या, नाल्याकाठच्या वस्त्यांतली, बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांतली. फटाके घ्यायला त्यांच्याकडे पैसे नसतात. आदल्या रात्री त्यांनी लांबून आभाळातली रोषणाई पाहिलेली असते. आता हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन ती कागदांच्या थरात पायाने चाळत फिरतात आणि न फुटलेले फटाके वेचतात. मग दोन गोष्टी होतात. उरलेल्या बोटभर वातीला कोणी काडी लावतं आणि फटाका हातातच फुटतो. किंवा सगळे फटाके सोलून त्यांतली दारू वर्तमानपत्रावर गोळा करतात, तिच्याभोवती उकिडवी बसतात आणि एकजण काडी टाकतो. त्या दारूला आवाज होत नाही. एक मोठा भपका होतो आणि तो थेट चेहऱ्यावर येतो.

अशी मुलं आम्ही लांबून ओळखायचो. भुवया आणि पापण्या जळलेल्या, केस पुढून आखडून तपकिरी झालेले, ओठ सुजलेले, आणि दोन्ही हात समोर धरलेले. आधी डोळे पाहायचे, मग नाकातले केस जळलेत का ते पाहायचं, कारण तसं असेल तर आतली श्वासनलिकाही भाजलेली असू शकते आणि तासाभरात सुजून बंद होऊ शकते. नंतर जखम धुवायची. दारूचे काळे कण कातडीत रुतलेले असतात. ते लवकर निघाले नाहीत तर गोंदल्यासारखे कायमचे राहतात. म्हणून वेदनाशामक देऊन, सलाइनने भिजवून, एकेक कण काढत बसावं लागतं. मूल ओरडतं. सगळ्यांत अवघड असतं ते त्याचं ओरडणं ऐकत हात स्थिर ठेवणं.

एक मुलगा विशेष लक्षात राहिला. दहाएक वर्षांचा असेल. त्याची आई जवळच्याच एका इमारतीत चार घरांची धुणीभांडी करायची. पाडव्याच्या दिवशी तिला त्या घरांतून दिवाळीची साडी आणि बोनस मिळायचा होता. ते सगळं सोडून ती त्याला कडेवर घेऊन धावत आली होती. आत येताच तिने त्याला विचारलं, "कोणाचे फटाके चोरलेस?" तो रडता रडता म्हणाला, "चोरले नाही ग आई, खाली पडलेले होते." त्याचा चेहरा धूत असताना ती पुन्हापुन्हा मला सांगत होती की तिचा पोरगा चोर नाही. ते फटाके कोणाचे होते हे तिला ठाऊक होतं. ती ज्या इमारतीत काम करायची त्याच इमारतीसमोर ते पडले होते. त्या इमारतीतली माणसं वाईट नव्हती. त्यांनीच नंतर तिला उपचाराला पैसे दिले. पण आदल्या रात्री वर जाताना आपण खाली काय ठेवून चाललो आहोत, हे कोणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

त्याच कागदांच्या थरातून पुढे सफाई कामगार जातात. २०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली, शहर वाढलं, खारघर, कामोठे, कळंबोलीचे मनोरे एका कारभाराखाली आले. दिवाळीनंतरचा कचराही तसाच वाढला. त्या मावशी आमच्याकडे खोकला, डोळ्यांची आग, हातांवरचे चट्टे घेऊन यायच्या. रंगीत प्रकाशासाठी फटाक्यांत धातूंची संयुगं घातलेली असतात: हिरव्यासाठी बेरियम, लालसाठी स्ट्रॉन्शियम, निळ्यासाठी तांबं. आभाळात रंग विरला तरी धातू विरत नाही. तो राखेत उतरतो, झाडूबरोबर उडतो, आणि पुढच्या अवकाळी सरीत गटारात, तिथून गाढी नदीत, खाडीत जातो.

आवाजाबद्दल मी नवजात बाळांच्या विभागात जास्त शिकले. तिथे वेळेआधी जन्मलेली, दीड-पावणेदोन किलोची बाळं काचेच्या पेटीत असतात. बाहेर सुतळी बॉम्ब वाजला की झोपलेलं बाळ दोन्ही हात एकदम फेकतं, श्वास क्षणभर अडतो आणि मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा खाली घसरतो. पुढचा बॉम्ब वाजायच्या आत तो वर यावा म्हणून आम्ही तळहाताने बाळाची छाती अलगद धरून उभ्या राहायचो. वरच्या मजल्यावर हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण, आणि आयसीयूतली भ्रम झालेली म्हातारी माणसं, ज्यांना त्या आवाजात आपण कुठे आहोत तेच समजेनासं व्हायचं.

नियम आहेत. फटाक्याचा आवाज चार मीटरवर १२५ डेसिबलच्या वर नको. रुग्णालयापासून शंभर मीटर शांतता क्षेत्र. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच रात्री दहा ते सकाळी सहा आवाजी फटाक्यांना बंदी घातली. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने दिवाळीत रात्री आठ ते दहा एवढीच वेळ ठेवली, बेरियमला आणि एकमेकांत गुंफलेल्या माळांना मनाई केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईची हवा इतकी बिघडली की उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि मुंबई महानगर प्रदेशासाठी आधी सात ते दहा आणि नंतर आठ ते दहा अशी वेळ बांधून दिली. पनवेल या प्रदेशात येतं. तरी दहानंतरचे आवाज मी दरवर्षी ऐकले आहेत.

एका रात्री आम्ही वेगळं करून पाहिलं. रुग्णालयामागच्या गल्लीत कॉलेजची मुलं फटाके लावत होती. मी आणि आमचा वॉर्डबॉय गणवेशातच खाली गेलो. बंदीचं नाव काढलं नाही. एवढंच सांगितलं की या भिंतीच्या मागे एक मुलगी आहे, परवा जन्मलीय, तळहाताएवढी आहे, आणि प्रत्येक आवाजाला तिचा श्वास अडतो. मुलं एकमेकांकडे पाहत राहिली. एकाने विचारलं, "कुठल्या खिडकीत?" मी बोट दाखवलं. त्यांनी सामान उचललं आणि लांबच्या मैदानाकडे गेली. जाताना एकजण परत येऊन "सॉरी सिस्टर" म्हणाला. त्या मुलांबद्दल माझ्या मनात आजही माया आहे. भिंतीपलीकडे कोण आहे, हे त्यांना त्या रात्रीपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं.

परंपरेचा मुद्दा मी टाळणार नाही, कारण तो मला रुग्णांनी, नातेवाइकांनी, घरच्यांनीही विचारला आहे. आमच्याकडे उपचाराला येणारे एक निवृत्त इतिहासशिक्षक होते. त्यांनी मला भांडारकर संस्थेचे अभ्यासक परशुराम कृष्ण गोडे यांच्या लेखनाबद्दल सांगितलं. भारतातल्या दारूकामाचा इतिहास गोड्यांनी इसवी सन १४०० पासून मांडला. सोळाव्या शतकात एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’त लग्नाच्या सोहळ्यात दारूकामाचं वर्णन येतं. पेशव्यांच्या बखरीत महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीतल्या आतषबाजीबद्दल सांगतात आणि मग पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी तसं दारूकाम होतं. म्हणजे फटाका आपल्याकडे चार-पाचशे वर्षं आहे, हे खरं. पण तो होता राजाच्या अंगणातला, वर्षातून एखाद्या रात्रीचा. जाणत्या दारूकाम करणाऱ्यांनी मोकळ्या माळावर करायचा आणि लोकांनी लांबून पाहायचा. दीडशे घरांच्या इमारतीखाली प्रत्येक घराने आपापली माळ लावायची, ही रीत त्या मानाने अगदी कालची आहे. आणि दिवाळी या सगळ्यापेक्षा खूप जुनी आहे. माझ्या माहेरी, याच रायगड जिल्ह्यात, पहिल्या आंघोळीच्या पहाटे तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं की नरकासुर मेला. पणत्या, आकाशकंदील, अंगणातला मातीचा किल्ला, दाराशी रांगोळी. देवाधर्माचं म्हणून करायचं ते एवढंच होतं, आणि त्यात कोणाचा श्वास अडत नव्हता.

फटाक्याच्या प्रवासाचं पहिलं टोक आपल्या डोळ्यांआड असतं. आपले बहुतेक फटाके तमिळनाडूतल्या शिवकाशी परिसरातून येतात. पाऊस कमी, शेती कोरडवाहू, म्हणून तिथली माणसं, त्यांत पुष्कळ बायका, दारू भरायच्या कामाला जातात. ५ सप्टेंबर २०१२ रोजी तिथल्या एका कारखान्यातल्या स्फोटात जवळपास चाळीस माणसं गेली. एवढं लांब जायलाही नको. ८ डिसेंबर २०२३ ला पिंपरी-चिंचवडच्या तळवडे भागात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनवणारा एक कारखाना पेटला. मेलेल्यांत बहुतेक तिथे काम करणाऱ्या बायका होत्या. त्याच दिवशी सहाजणी गेल्या आणि पुढच्या दिवसांत भाजलेल्यांच्या खाटा एकेक करून रिकाम्या होत राहिल्या. भाजलेल्या बाईची शुश्रूषा मी केलेली आहे. पहिल्या दिवशी ती बोलते, मुलांची चौकशी करते, पाणी मागते. आपल्याला माहीत असतं की पुढचे आठ दिवस कसे जाणार आहेत, आणि तिला ते सांगता येत नाही. ती बातमी वाचल्यापासून केकवरची ती कारंज्यासारखी मेणबत्ती मी कोणत्याही समारंभात लावू दिलेली नाही.

हरित फटाक्यांबद्दल लोक आशेने विचारतात. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते तयार केले; त्यांतून निघणारे सूक्ष्म कण निदान तीस टक्क्यांनी कमी होतात. आपल्या मातीतल्या संस्थेचं ते चांगलं काम आहे. पण तीस टक्के कमी म्हणजे सत्तर टक्के उरले. पहिल्या मजल्यावरच्या त्या काकांच्या फुप्फुसांना सत्तर टक्केही पुष्कळ होतात. आणि न फुटलेला हरित फटाका सोलला तर त्यातून दारूच निघते.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आणि किती तरी शिक्षक वर्षानुवर्षं शाळांतून मुलांकडून फटाके न वाजवण्याचे संकल्प लिहून घेत आले आहेत. त्याचं फळ मी पाहिलं आहे. अलीकडे हातात फुलबाजी दिली तर "मी नाही लावत" म्हणणारी मुलं घराघरांत आहेत, आणि त्यांच्यासमोर गप्प होणारे बापही आहेत. आमच्या कॉलनीतही दिवाळीच्या आधी सभा झाली तेव्हा मला बोलायला सांगितलं. माझं स्वतःचं मत स्पष्ट आहे: फटाके नकोत. पण ज्यांना ते पटत नाही त्यांच्याशी बोलणं सोडायचं नाही, असं मी ठरवलं होतं. मी पाडव्याच्या त्या मुलाची हकिगत सांगितली आणि चार गोष्टी मागितल्या. लावायचेच असतील तर सगळ्यांनी मिळून एकाच मोकळ्या जागी, मोठ्या माणसाच्या देखरेखीत. तारा टाकायला वाळूची बादली. दहाच्या ठोक्याला बंद. आणि वर जायच्या आधी, त्याच रात्री, सगळ्या कचऱ्यावर भरपूर पाणी ओतून, तो गोळा करून ठेवायचा.

सभेत एक आजोबा उठून म्हणाले, "पाण्याचं आम्हाला कधी सुचलंच नाही." त्या रात्री त्यांनी स्वतः उभं राहून पाइप लावला. भिजलेल्या दारूला काडी लागत नाही. पाडव्याला पिशव्या घेऊन आलेली मुलं रिकाम्या हातांनी उभी राहिली, तेव्हा कॉलनीतल्या बायकांनी त्यांना बोलावून फराळ दिला. पुढच्या वर्षी किल्ल्यांची स्पर्धा झाली, तिच्यात त्या मुलांनाही घेतलं. त्यांनी नाल्याकाठची माती आणून कर्नाळ्याचा सुळका असा काही हुबेहूब उभा केला की पाहणाऱ्यांची रांग लागली. त्या वर्षी कॉलनीत फटाके अगदी थोडे वाजले. कोणी बंदी घातली नव्हती.

त्यानंतर आमच्या इमारतीत आणखी एक पद्धत पडली, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. वसुबारसेच्या दिवशी आम्ही दोघी-तिघी दारोदार जाऊन विचारतो: घरात कोणाला दमा आहे का, बाळंतीण आहे का, कोणाचं हृदयाचं ऑपरेशन झालंय का, कोणी नाइट ड्युटी करून दिवसा झोपतं का. उत्तरं एका कागदावर लिहून तो लिफ्टशेजारी लावतो. नावं घालत नाही, फक्त मजला आणि एवढंच की तिथे आजारी माणूस आहे, लहान बाळ आहे. पहिल्या वर्षी कागद भरून गेला तेव्हा लोक थांबून थांबून वाचत होते. इतकी माणसं आपल्याच जिन्यावर राहतात, हे कोणाला माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी काही घरांनी आणलेले फटाके दुकानात परत केले. शेजारी कोण आहे हे कळलं की माणसाचा निर्णय बदलतो, हे मी रुग्णालयामागच्या गल्लीत पाहिलं आणि आता माझ्या इमारतीत दरवर्षी पाहते. म्हणून ही वसुबारसेची फेरी पनवेलच्या प्रत्येक इमारतीत निघावी आणि फटाक्यांची खरेदी, करायचीच असेल तर, तिच्यानंतर व्हावी, एवढी माझी मनापासून विनंती आहे.